बावीस दात आणि पाव चमचा मीठ

घरातली साधी काळी सायकल स्टँडवर लावा आणि पुढच्या चक्राचे दात मोजा. बहुतेकदा ४४ भरतात. मागच्या फ्रीव्हीलचे १८. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं आणि सायकल साडेपाच मीटर पुढे सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी २० किलोमीटर. बाजाराला किंवा वावरात जायला हे ठीक आहे. पण थंडीत एका दिवसात १०० किलोमीटर करायचा विचार असेल, तर या सायकलीत सर्वांत आधी बदलायची गोष्ट म्हणजे ते १८ दातांचं फ्रीव्हील.

कारण असं : समोरून वारा आला किंवा लांबट चढ लागला की जड गिअरवर फेरे ६० वरून ४० वर येतात. वेग टिकवायला प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लावावा लागतो, तो गुडघ्याच्या वाटीवर येतो. शिवाय जोराच्या कामाला स्नायूंमधले चटकन थकणारे तंतू लागतात, आणि ते साठवलेली साखर भराभर जाळतात. २२ दातांचं फ्रीव्हील बसवलं तर एका फेऱ्यात सायकल साडेचार मीटर जाते. ताशी २० चाच वेग हवा तर मिनिटाला ७५ फेरे मारावे लागतात, पण प्रत्येक फेरा हलका. पहिले आठ-दहा दिवस पाय उगाच फिरताहेत असं वाटतं, नंतर सवय होते.

फ्रीव्हील काढायला खाचेत बसणारा ओपनर लागतो. छिन्नी-हातोडीने ठोकून काढू पाहणारा मिस्त्री हबचे आटे खराब करतो, त्याच्याकडे सायकल देऊ नका. मागचे दात वाढले की चेन आखूड पडते. चाक फ्रेमच्या खाचेत पुढे सरकवून भागलं तर ठीक, नाहीतर दोन कड्या वाढवा. चेनच्या मधोमध बोट लावून दाबल्यावर ती सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर हलली पाहिजे. त्याहून ताठ असेल तर बेअरिंग घासतं, सैल असेल तर नेमकी खड्ड्यात उतरते.

गिअरच्या सायकलवाल्यांना हे काही करायचं नाही. त्यांनी फक्त मोठ्या गिअरचा मोह सोडायचा.

आता उष्णतेकडे येऊ, कारण विदर्भात पाय थांबायच्या आधी शरीर तापून थांबतं. शरीर हे काही फार कार्यक्षम इंजिन नाही. अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग पायडलपर्यंत पोचतो, उरलेल्या तीन भागांची उष्णता होते. सायकल आणि चालवणारा मिळून ८५ किलो वजन, ताठ बसण्याची पद्धत आणि सपाट डांबरी रस्ता धरला, तर ताशी २० च्या वेगाला अंदाजे १०० वॅट लागतात. २५ ला १६०. ३० ला २५०. वेग दीडपट, पण जोर अडीचपट, कारण हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या हिशेबात वाढते. पायडलवर १०० वॅट म्हणजे अंगात ३०० ते ३५० वॅट उष्णता, आणि २५० वॅट म्हणजे ७५० च्या पुढे.

ही उष्णता बाहेर टाकायची कशी? गार हवेत ती त्वचेवरून वाऱ्याबरोबर जाते. त्वचेचं तापमान असतं ३५ अंशांच्या आसपास. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात हवा ४४-४५ अंशांवर गेली की हा व्यवहार उलटा होतो, वारा अंगाला गार करायचं सोडून तापवतो. तेव्हा एकच वाट उरते, घाम वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला की साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. हे तासाभरात झालं तर ६७० वॅट. म्हणजे संथ चालवणाऱ्याला सावलीत अर्धा लिटर घाम पुरतो. उन्हात बाहेरची उष्णता धरून लिटरभर लागतो. आणि उन्हात ताशी ३० ने पळवणाऱ्याला दीड लिटरच्या वर. इथेच गणित फिसकटतं, कारण तासाला साधारण लिटरभरापेक्षा जास्त पाणी पोटात नीट मुरत नाही, डुचमळत राहतं. म्हणजे उन्हात वेग आवरणं हाच पाण्याचा खरा हिशेब.

कोरड्या हवेत घाम दिसत नाही, दिसायच्या आत वाळतो. ‘मला घामच येत नाही’ म्हणणाऱ्याच्या सदऱ्याची पाठ घरी आल्यावर पाहा, पांढरे पट्टे उमटलेले असतात. ते मीठ. पावसाळ्यात नेमकं उलटं : अंग निथळतं पण हवा आधीच ओली असल्याने घाम वाळत नाही, आणि जो घाम ठिबकून खाली पडला त्याने अंग गार होत नाही. ऑगस्टमधला ३२ अंशांचा दमट दिवस त्यामुळे फसवा असतो.

बाटलीत काय भरायचं? एक लिटर पाण्याला सात-आठ सपाट चमचे साखर (३५ ग्रॅमच्या आसपास), पाव ते तिसरा हिस्सा चमचा मीठ (दीड ते दोन ग्रॅम), वर लिंबू. चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा चहाचा, पोह्यांचा नव्हे. साखर थोडी असली की आतड्यात मीठ आणि पाणी दोन्ही लवकर शोषले जातात. सरबतासारखं गोड केलं तर पाणी उलट आतड्याकडे ओढलं जातं आणि पोट बिघडतं. कैरीचं पन्हं या कामाला उत्तम, फक्त घरी पितो त्याच्या निम्मं पातळ करून. दर पंधरा मिनिटांनी तीन-चार घोट घ्या. साधं पाणी पोटभर ढोसत राहणंही बरं नाही. चार-पाच तास घाम गाळून वर नुसतं पाणी पीत गेल्यास रक्तातलं सोडियम खाली येतं. डोकं दुखतं, मळमळतं, हाताची बोटं सुजतात. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मिठा-साखरेचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आपला घाम किती जातो हे मोजता येतं. निघण्याआधी आणि आल्यावर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे प्यायलेल्या पाण्याखेरीज एक लिटर गेलं. ६० किलोच्या माणसाला सव्वा किलोपर्यंत घट चालते. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. यासाठी शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा हवा. आडतीवरचा काटा कापसाला ठीक.

उन्हाची सवय शरीराला लागते, पण तिला ७ ते १४ दिवस द्यावे लागतात. रोज तासभर उष्ण हवेत संथ चालवलं की रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. तीन-चार आठवडे खंड पडला की ही सवय मोडते. खिशातला कांदा यातलं काहीच करत नाही. ओला दुपट्टा करतो, तो डोक्याला आणि मानेला गुंडाळा आणि वाळला की पुन्हा भिजवा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, सायकल वाकडीतिकडी जायला लागली, तर ते ‘जरा ऊन लागलं’ नव्हे, उष्माघात आहे. सावलीत आडवं करून आधी अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

एवढं सगळं असूनही मे महिना लांब पल्ल्याचा नाहीच. साडेपाचच्या सुमारास उजाडतं, आठच्या आत घरी यायचं. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

तयारी सुरू करण्याआधी खोगीर उंच करा. गावात दहातल्या आठ सायकलींचं खोगीर खाली असतं, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांच्या मध्ये पुस्तक जरा दाबून वर धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटीमीटर आलं तर साडेसत्तर सेंटीमीटर, दोन्ही पायडलांच्या मधल्या दांड्यापासून (जिथे पुढचं चक्र बसतं) खोगिराच्या माथ्यापर्यंत. टेप नसेल तर टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेल्यावर गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने मारताना तो आपोआप थोडा वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखला तर खोगीर खाली आहे, मागून दुखला किंवा कंबर डावी-उजवी डुलत असेल तर वर आहे. बदल एका वेळी अर्ध्या सेंटीमीटरचाच करा.

सरावाला १२ आठवडे धरा. आठवड्यात तीन दिवस पुरतात : दोन दिवस पाऊण ते एक तास, आणि रविवारी लांब. रविवारचे आकडे असे ठेवा : २५, ३२, ४०, २८, ४५, ५२, ६०, ४२, ६५, ७५, ५० आणि बाराव्या रविवारी १००. मधूनमधून आकडा मुद्दाम खाली येतो, कारण स्नायू सरावात नाही, विश्रांतीत बांधले जातात. दम आधी वाढतो, गुडघ्याच्या आणि टाचेच्या कंडरा मागून तयार होतात. ‘आता दम लागत नाही’ म्हणून पाचव्या आठवड्यात ८० मारणाऱ्याचा गुडघा सहाव्या आठवड्यात धरतो. यातला चार-पंचमांश वेळ इतका संथ असावा की बाजूच्याशी सोयाबीनच्या भावावरून पूर्ण वाक्यांत वाद घालता यावा. या संथ वेगातच स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या) वाढतात आणि शरीर चरबी जाळायला शिकतं. उरलेला वेळ जोराचा : आठवड्यातून एकदा चार मिनिटं दमछाक होईल असं, मग तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. ज्या दिवशी वावरात निंदण-डवरणी केली तो दिवस सरावातच धरा, संध्याकाळी पुन्हा जोर नको. फवारणी चालू असलेल्या शेताच्या कडेने जाताना वारा तुमच्याकडे येत असेल तर थांबा किंवा वाट बदला. जोरात दम लागलेला असताना माणूस बसलेल्यापेक्षा दहा-पंधरापट हवा आत घेतो.

शरीरात साखरेचा साठा ४००-५०० ग्रॅमचा, जोराच्या कामाला दोनेक तास पुरणारा. म्हणून पहिल्या तासापासूनच खा, तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर. एक केळं २०-२५ ग्रॅम, सुपारीएवढे गुळाचे दोन खडे साधारण २०, एक संत्रं १० च्या आसपास. बाटलीतली साखरही यातच मोजा. फुटाणे-शेंगदाणे चावायला बरे, पण हळू पचतात. तर्री-पोहे परत आल्यावर.

काटे हा वेगळा विषय आहे. बाभूळ, हिवर, बोर तोडून धुऱ्यावर कुंपण घातलं की फांद्या ओढून नेलेल्या पांदण रस्त्यावर आठवडाभर काटे पडलेले असतात. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेचा सराटा वाळतो, त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर. म्हणून २३ मिलिमीटरचे रेसचे टायर इथे घेऊ नका. ३२ ते ३५ चे घ्या. ६५ किलोच्या माणसाला मागे ६० आणि पुढे ५० पीएसआयच्या आसपास हवा पुरते, कारण वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर असतो. उन्हात टायर ६० अंशांपर्यंत तापला तर सकाळी भरलेले ६० पीएसआय ६८-६९ होतात. तेवढ्याने चांगला टायर फुटत नाही, पण ट्यूबवरचं जुनं पॅच सुटतं. उभी सायकल सावलीत ठेवा.

पंक्चर काढताना लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक, काटा टायरमध्येच राहतो. बोट फिरवून शोधू नका, बोट फाटतं. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे काटा. दुसरी चूक, घाई. ट्यूब कानशीने किंवा पॉलिश पेपरने खरवडा, सोल्युशनचा पातळ थर पॅचपेक्षा मोठ्या जागेवर लावा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं, थांबा. ओल्यावर चिकटवलेलं पॅच दहा किलोमीटरवर सुटतं. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर काट्याचा दोष नाही, हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली.

काळ्या मातीच्या रस्त्यावर पाऊस पडला की सायकल चालवू नका, उचला. माती मडगार्डमध्ये भरून चाक जाम होतं; ती ओली असतानाच पऱ्हाटीच्या काडीने काढा, वाळली की विटेसारखी बसते. चेनला जळकं इंजिन ऑइल घालू नका, धूळ धरून त्याची पॉलिश पेस्ट होते. कोरड्या कापडाने पुसून प्रत्येक कडीच्या रोलरवर हलक्या तेलाचा एक थेंब, आणि बाहेरचं पुन्हा पुसून घ्या. चेनची २४ अर्ध्या इंचाची कडी मोजा : नवीन असताना बरोबर १२ इंच. दीड मिलिमीटर वाढली की चेन बदला, तीन वाढली की फ्रीव्हीलसुद्धा गेलं समजा. ऑक्टोबरात डांबरावर वाळत घातलेलं सोयाबीन दिसलं तर ब्रेक न मारता, हँडल न वळवता सरळ हळू जा. दाणे टायरखाली छऱ्यांसारखे फिरतात.

हंगामाच्या शेवटी अनेकांना परतवाड्याहून चिखलदरा चढावासा वाटतो. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, पायथ्यापासून चढ साधारण ७०० मीटरचा. सहा टक्के चढावर ४४-१८ च्या सायकलीने मिनिटाला ४० फेरे टिकवायचे तर २०० वॅटच्या वर लागतात, पुढे-मागे ३४-३४ दात असतील तर ६० फेऱ्यांना १२० पुरतात. आणि चढ झाला म्हणजे काम संपलं असं नाही. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले की रिम तापतं; वळणाच्या आधी जोराने दाबा, वळणात सोडा, पुढचा-मागचा दोन्ही वापरा. सळईचे ब्रेक असलेली काळी सायकल असेल तर मोठ्या उतारावर खाली उतरून हातात धरून चाला.