प्रिंटर शेअरिंग (घरगुती)

घरातल्या एकाच प्रिंटरवर अनेक संगणकांतून आणि मोबाइलमधून छापता यावे म्हणून केलेली जोडणी. वरवर हा प्रश्न वायरीचा वाटतो. खरा प्रश्न रांगेचा असतो. छापायची कामे कोणत्या यंत्राकडे रांगेत थांबतात आणि ते यंत्र जागे आहे का, यावर बाकी सगळे अवलंबून.

प्रिंटर वाटून घेणे ही नेटवर्कला मागाहून जोडलेली सोय नव्हे. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ईथरनेटची, म्हणजे संगणक केबलने एकमेकांशी जोडण्याच्या पद्धतीची, कल्पना मांडली, ती तिथलेच आल्टो नावाचे संगणक एकमेकांना आणि तिथेच आकार घेत असलेल्या लेझर प्रिंटरला जोडता यावेत म्हणून. (मराठीत ज्या कंपनीचे नाव फोटोकॉपीलाच चिकटले, तीच ही.) १९८५ मध्ये अ‍ॅपलचा लेझररायटर ६,९९५ डॉलरना आला. एवढा महाग प्रिंटर टेबलागणिक कोण घेणार? तो अ‍ॅपलच्याच अनेक मॅकिंटॉश संगणकांनी मिळून वापरायचा, हे गृहीतच होते.

घरात जुनी आणि अजूनही चालणारी रीत अशी: प्रिंटर यूएसबी केबलने एका संगणकाला जोडायचा, विंडोजमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शेअरिंगच्या चौकटीत टिक करायची आणि दुसऱ्या संगणकावरून तो शोधून जोडायचा. भारतात दुकानांत आणि घरांत वर्षानुवर्षे दिसणाऱ्या कॅननच्या एलबीपी २९०० सारख्या फक्त यूएसबीवर चालणाऱ्या प्रिंटरला अशा मधल्या संगणकाचाच आधार लागतो. रांग त्या संगणकातल्या ‘स्पूलर’कडे, म्हणजे छापायची कामे साठवून एकेक पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, असते. म्हणून आतल्या खोलीतला तो संगणक स्लीपमध्ये गेला, की हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेल्याला प्रिंटर समोर दिसत असूनही पडद्यावर ‘ऑफलाइन’ वाचावे लागते.

घरात एक विंडोज, एक मॅक, एक लिनक्स असला की भाषेचा प्रश्न येतो. विंडोजची शेअरिंगची बोली इतरांना बोलता यावी म्हणून ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास ज्याची सुरुवात केली, ते सॉफ्टवेअर म्हणजे सांबा. युनिक्सच्या, म्हणजे लिनक्स आणि मॅक ज्या घराण्यातले त्याच्या, बाजूने मायकेल स्वीट यांची ‘कप्स’ ही छपाईप्रणाली १९९९ मध्ये आली आणि २००२ मध्ये अ‍ॅपलने ती मॅकमध्ये घेतली. कप्स उभी आहे ती आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल) या नेटवर्कवरून छापण्याच्या नियमावलीवर. मोबाइलवरून छापण्याची अ‍ॅपलची एअरप्रिंट सोय (२०१०) हीच नियमावली वापरते.

वाय-फाय प्रिंटरला मधला संगणक लागत नाही. तो स्वतःच नेटवर्कवर ‘मी इथे आहे’ अशी दवंडी पिटतो. ही दवंडी त्या नेटवर्कपुरतीच असते. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर असलेल्या फोनला सहसा ती ऐकूच येत नाही, आणि दोष बिचाऱ्या प्रिंटरला लागतो. दुसरा घोळ पत्त्याचा, म्हणजे राउटर नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला देतो त्या आकड्यांचा. लाइट जाऊन आली, राउटरने प्रिंटरला १९२.१६८.१.७ ऐवजी १९२.१६८.१.९ दिला, तर जुन्या पत्त्यावर बेतलेली जोडणी हाका मारत बसते. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवणे हा यावरचा पाच मिनिटांचा उपाय. ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी बोलायला लावणारे सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकण्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा बरा.

इंटरनेटवरून छापण्याची गूगल क्लाउड प्रिंट ही सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली गंभीर त्रुटी उघड झाली. तिच्यावरच्या दुरुस्त्या आल्यावर अनेक ठिकाणी नीट चाललेले शेअरिंगही अडले.

रोजच्या वापरात मात्र रांग अडते ती किरकोळ कारणाने. कोणीतरी ए४ ऐवजी अमेरिकी ‘लेटर’ आकाराचे पान पाठवतो, प्रिंटर दिवा लुकलुकवत त्या कागदाची वाट पाहतो आणि मागे सगळ्यांची कामे तुंबतात. विंडोजमध्ये सर्वसाधारणपणे ज्याला त्याला आपलेच काम रद्द करता येते. त्यामुळे पान पाठवणारा बाहेर गेला असेल, तर ज्या संगणकाकडे रांग आहे तिथेच, त्याच्या अ‍ॅडमिन खात्यातून ते काम उडवावे लागते.