हाँगकाँगचे भारतीय आणि १९९७चा ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं, अडचणी

हाँगकाँगमध्ये दोन-तीन पिढ्या काढलेल्या भारतीय घरांत एक प्रश्न अजून निघतो: "बाबांकडे जुना ब्रिटिश पासपोर्ट आहे, त्यावर आम्हाला काही मिळेल का?" त्यासाठी १ जुलै १९९७ला हाँगकाँग चीनकडे जाण्याआधी कुणी कोणता कागद केला होता, ते बघावं लागतं.

तिथल्या ब्रिटिश प्रजेचा 'ब्रिटिश डिपेंडंट टेरिटरीज सिटिझन' (बीडीटीसी) हा दर्जा त्या दिवशी संपणार होता. त्याऐवजी जुलै १९८७पासून 'ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज)', म्हणजे बीएनओ, हा नवा दर्जा आला. तो आपोआप लागत नव्हता, अर्ज करून घ्यावा लागे. शिवाय त्यात ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नव्हता आणि तो पुढच्या पिढीला मिळतही नाही. अर्जाच्या मुदती जन्मवर्षाप्रमाणे ठरवल्या होत्या; पहिली ३० ऑक्टोबर १९९३ची, १९६७ ते १९७१मध्ये जन्मलेल्यांसाठी. ज्यांना आधी बीडीटीसी व्हायचं होतं, त्यांना ३१ मार्च १९९६पर्यंत अर्ज देणं भाग होतं. शेवटच्या दिवशी वान चायच्या इमिग्रेशन टॉवरबाहेर हजारोंची रांग लागली होती.

चिनी वंशाच्या रहिवाशांना बीजिंगने आपलेच नागरिक मानलं. भारतीय वंशाच्यांना मात्र नाही. मुंबईहून गेलेल्या होर्मसजी मोदींनी हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीला पैसा दिला, त्यांच्या नावाचा रस्ता त्सिम शा त्सुईत आजही आहे. तरी १९९७च्या तोंडावर इथल्या हजारो भारतीयांकडे राहायचा हक्क देणारं कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. बऱ्याच पाठपुराव्यानंतर ४ फेब्रुवारी १९९७ला लंडनने अशांना ब्रिटिश नागरिकत्व द्यायची घोषणा केली आणि १९ मार्चला कायदा झाला. त्याखालचा अर्ज (फॉर्म ईएम) आजही करता येतो.

पात्रता

४ फेब्रुवारी १९९७च्या लगेच आधी तुमचं नेहमीचं वास्तव्य हाँगकाँगमध्ये हवं, आणि अर्ज करतानाही तिथेच हवं. म्हणजे आता पुण्यात स्थायिक झालेल्यांना ही वाट बंद. त्या तारखेला ब्रिटिश दर्जा वगळता दुसरं कुठलंही नागरिकत्व नसावं. चार फेब्रुवारीला किंवा नंतर कुणी दुसरं नागरिकत्व सोडलं असेल, तर ते अजून आहे असंच धरतात. घोषणा ऐकून धावत जाऊन भारतीय नागरिकत्व सोडणाऱ्यांसाठीच ही मेख मारली होती.

अर्ज बहुतेक वेळा अडतो तो इथे. समजा, हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या एका घरात मुलगी १९८५ची, मुलगा १९९०चा, दोघांचा जन्म तिथलाच. वडील १९८८मध्ये बीडीटीसी झाले, म्हणजे त्यांचं भारतीय नागरिकत्व तेव्हाच संपलं. मुलीच्या जन्मावेळी ते भारतीय होते, म्हणून ती वंशाने भारतीय ठरते आणि तिचा अर्ज अडू शकतो. मुलाच्या वेळी नव्हते. आई भारतीय असली तरी १० डिसेंबर १९९२पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळत नसे, त्यामुळे तो बसतो. एकाच घरात बहीण बाहेर, भाऊ आत! कायदा म्हणून बरोबर असेल, माणुसकीला धरून नाही.

कागदपत्रं

जन्मदाखला, हाँगकाँगचं कायम ओळखपत्र आणि जुने ब्रिटिश पासपोर्ट (मुदत संपलेलेही). वास्तव्यासाठी त्या काळातले शाळेचे दाखले, नोकरीची पत्रं, कराच्या नोटिसा. वडिलांच्या बीडीटीसी दाखल्यावरची तारीख सगळ्यात आधी शोधा, कारण वरच्या उदाहरणातला सगळा फरक तिनेच पडला. आईवडिलांचे तेव्हाचे पासपोर्टही जपून ठेवा.

हाँगकाँग सोडलं असेल आणि हातात फक्त बीएनओ असेल, दुसरं कुठलंच नागरिकत्व नसेल, तर ब्रिटिश नागरिकत्व कायद्याच्या कलम ४बीखाली नोंदणी बघा. २००९च्या दुरुस्तीने ती बीएनओंनाही खुली झाली. नवं बीएनओ मात्र आता कुणालाच मिळत नाही. ज्यांचं आहे त्यांचा पासपोर्ट संपला तरी दर्जा संपत नाही, आणि ३१ जानेवारी २०२१पासून त्यांना ब्रिटनचा बीएनओ व्हिसा मागता येतो.