कादंबरीची पारायणं कुठून आली

एखादी कादंबरी चार-पाच वेळा वाचून झाली की मराठी माणूस सहज म्हणून जातो, ‘त्या पुस्तकाची मी पारायणं केली आहेत.’ हा शब्द पोथीचा. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ धरली जाते, ती १८५७ सालची. पोथ्यांची पारायणं त्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून चालत आलेली. एकच ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचायची सवय, त्यासाठी लागणारी बैठक, रोजचा ठरलेला भाग, हे सगळं कादंबरी छापून येण्याआधीच आपल्याकडे तयार होतं. खानदेशात आवडती कादंबरी दरवर्षी काढून वाचणारी माणसं आजही भेटतात. त्यांच्या वाचण्याच्या तऱ्हा पाहिल्या तर त्यात पोथीचा वाटा दिसतो, वाचनालयाचा दिसतो, आणि इथल्या उन्हाळ्याचाही.

चातुर्मासात गावात ‘पोथी लागते’. मुक्ताईनगरला मुक्ताबाईंचं देऊळ, अमळनेरला सखाराम महाराजांचं संस्थान. वारकरी वळणाचं वाचन आणि श्रवण या मुलखाच्या अंगवळणी पडलेलं आहे. जुनी पोथी शिवलेली नसते. लांबट सुटी पानं, वर-खाली फळ्या, भोवती लाल कापड. पान वाचून झालं की पालथं करून मागची बाजू वाचायची आणि बाजूला रचायचं. वाचणारा एक, ऐकणारे वीस-पंचवीस, आणि त्यातल्या निम्म्यांना पुढची ओवी आधीच माहीत. तरी सगळे येतात, कारण पुढे काय होणार हे कळावं म्हणून कोणी आलेलंच नसतं. पुनर्वाचनाचं मर्म तिथेच आहे, आणि आपल्याकडे ते अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ठाऊक होतं. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्यांनी रचलेल्या ओव्या मुलाने आणि नातलगाने टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. ऐकलेलं मनात घोळवत राहणं हेही एक पुनर्वाचनच, फक्त त्यात कागद नाही.

पारायणाचं वेळापत्रक किती विचाराने आखलेलं असतं, हे गुरुचरित्राच्या सप्ताहात दिसतं. पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, मग एकोणतिसावा, पस्तिसावा, अडतिसावा, त्रेचाळिसावा आणि सातव्या दिवशी समाप्ती. म्हणजे दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी तीनच. छत्तिसावा अध्याय इतका लांब आहे की त्या दिवशी जास्त वाचणं झेपत नाही. कादंबरीचे भाग पाडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. ४२० पानांना १४ दिवसांनी भागून ‘रोज तीस पानं’ ठरवलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा प्रसंग ऐन मध्यात तुटतो आणि दुसऱ्या दिवशी मागची पाच-सात पानं परत चाळावी लागतात. प्रकरण संपतं तिथे थांबावं, मग कधी बारा पानं होतील, कधी पन्नास.

पोथीची एक गोष्ट मात्र कादंबरीला लावू नये. पारायणात ओवी गाळायची नसते, खंड पडू द्यायचा नसतो, उद्यापन झाल्याशिवाय सुटका नसते. हेच नियम नकळत कादंबरीलाही लावले जातात आणि मग आवडतं पुस्तक कपाटात तसंच राहतं, कारण पहिली साठ पानं पुन्हा वाचायचा कंटाळा येतो. कादंबरी हे व्रत नव्हे. दुसऱ्या खेपेला थेट मधल्या प्रकरणापासून सुरुवात करावी, लग्नाचा प्रसंग आधी आणि बालपण नंतर वाचावं, नको असलेलं पात्र आलं की पानं उलटावीत. पहिल्यांदा ओळीने वाचलेलं असतं, त्यामुळे काही हरवत नाही.

पोथीपासून कादंबरीकडे येताना मध्ये एक टप्पा लेखणीचा होता. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी बाडं, म्हणजे हस्तलिखितांचे गठ्ठे, आहेत. त्यातली कितीतरी बाडं म्हणजे कोणीतरी बसून अक्षर अक्षर उतरवून काढलेल्या प्रती. दासबोधाचे २०० समास हाताने उतरवणाऱ्याइतकं बारीक वाचन दुसऱ्या कोणाचं होणार? आवडत्या कादंबरीतलं एखादं पान वहीत उतरवून पाहावं. वाक्य कुठे लांबवलंय, क्रियापद कुठे आधी आणलंय, हे डोळ्यांनी वाचताना निसटतं, ते हाताला कळतं. एका वेळी एकच पान पुरे. त्याहून जास्त उतरवायला घेतलं की लक्ष मजकुरावरून उठतं आणि नुसती नक्कल राहते.

छापील पुस्तक गावोगाव पोचलं ते रेल्वेमुळे आणि कापसामुळे. १८६० च्या दशकात लोहमार्ग जळगाव-भुसावळपर्यंत आला, पेठा वाढल्या, आणि पेठांच्या मागोमाग वाचनालयं आली. जळगावचं वल्लभदास वालजी वाचनालय १८७७ सालचं. हरिभाऊ आपट्यांचं ‘करमणूक’ साप्ताहिक १८९० मध्ये सुरू झालं आणि ‘पण लक्ष्यात कोण घेतो’ त्यातून हप्त्याहप्त्याने आली. आठवडाभर वाट पाहायची आणि तोवर हातातलाच अंक पुन्हा वाचायचा. ही कादंबरी पुन्हा वाचण्यासारखी का, याचं उत्तर तिच्या रचनेतच आहे. तिची नायिका यमुना आपली हकीकत मागे वळून सांगते. शेवट तिला पहिल्या पानापासून माहीत आहे, आपल्याला नाही. दुसऱ्यांदा वाचताना आपल्यालाही माहीत असतो, आणि मग लहानपणीच्या खोड्यांची ती हसरी पानं वाचवत नाहीत. ज्या कादंबरीत निवेदक मागे वळून बोलतो, ती दुसऱ्या वाचनाला नेहमीच वेगळी लागते. हीच कादंबरी आधी काढावी.

वाचनालयाने पुन्हा वाचण्याला एक नवी शिस्त लावली. एका वर्गणीवर एक पुस्तक, मुदत साधारण पंधरा दिवस, उशीर झाला की दंड. त्यामुळे पहिलं वाचन घाईचं होऊ लागलं आणि पुन्हा वाचणं म्हणजे पुस्तक पुन्हा नेणं झालं. जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी काढून पाहा. जांभळ्या शाईचे शिक्के, काही तिरपे, काही एकावर एक, आणि बाजूच्या रकान्यात सभासद क्रमांक. सात-आठ नवे क्रमांक येतात, मग आधीचाच एखादा परत दिसतो. दोन वर्षांनी, पुढे चार वर्षांनी, शाई बदललेली पण क्रमांक तोच. नाव नसतं, पण गावात कोणीतरी हे पुस्तक तिसऱ्यांदा घरी नेलंय एवढं तो कागद सांगतो. संगणकावर देवघेव सुरू झाली तिथे या चिठ्ठ्या कोऱ्या राहू लागल्या. आम्हाला ती मोठी हानी वाटते.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान मिळू लागलं, तेव्हा तालुक्यांच्या गावांतही कादंबऱ्यांची कपाटं भरली.

अमळनेरचा इथे वेगळा उल्लेख करायला हवा. साने गुरुजी १९२४ पासून काही वर्षं तिथे शिक्षक होते. छात्रालयाचं काम पाहताना मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं दैनिक काढत. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. गोष्ट कोकणातली, पण तिची बांधणी थेट पोथीची: ४२ रात्री, दर रात्री एक कथा, सांगणारा एक आणि भोवती ऐकणारी मंडळी. म्हणूनच ती घरात मोठ्याने वाचायला इतकी सोपी जाते. रोज एक रात्र घेतली तर सहा आठवड्यांत पूर्ण होते. एकदम तीन-चार रात्री वाचू नयेत. रडू येणारे प्रसंग लागोपाठ आले की मुलं कंटाळतात, आणि पुस्तक रडकं आहे असा कायमचा ग्रह होतो. मोठ्याने वाचायचा वेग तासाला वीस-पंचवीस पानांच्या वर नेला की वाचणाऱ्याचा घसा बसतो आणि ऐकणाऱ्यांचं लक्ष उडतं.

मोठ्याने वाचण्यात खानदेशी घरांची आणखी एक खुबी आहे. निवेदन पुस्तकात आहे तसं वाचतात, पण संवाद आला की तो तोंडातून आपोआप अहिराणीत किंवा लेवा बोलीत उतरतो. ‘काय करतोस?’ छापलेलं असतं, ऐकू येतं ‘काय करी ऱ्हायना?’ शाळेच्या दृष्टीने ही चूक असेल. आमच्या मते कादंबरी घरची होते ती याच जागी.

यावल तालुक्यातल्या सांगवीत १९३८ साली जन्मलेल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली, आणि पुन्हा वाचायच्या कादंबऱ्यांत या भागाला स्वतःची म्हणावी अशी एक मिळाली. ती वेगवेगळ्या वयात वेगळी का लागते ते पाहण्यासारखं आहे. विशीत वाचणारा नायक पांडुरंगाच्या पुण्याच्या कॉलेजात आणि वसतिगृहात रमतो. पस्तिशीत तेच पुस्तक उघडलं की त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं सगळ्यात मोठी वाटतात. पन्नाशीनंतर वाचणारे बरेचदा वडिलांच्या बाजूने वाचू लागतात, जे पहिल्या वाचनात जवळजवळ अशक्य असतं. दर खेपेला एक माणूस धरून वाचावं: या वेळी फक्त वडील, पुढच्या वेळी आई. पुस्तकात अजिंठ्याची पानं आहेत, आणि जळगावहून लेणी साधारण साठ किलोमीटरवर आहेत. आदल्या रात्री तेवढीच पानं वाचून सकाळी निघावं. लेण्यांच्या अंधारात ती आठवतात, आणि परत येऊन तिसऱ्यांदा वाचली की वेगळीच उमगतात.

दोन वाचनांत अंतर किती असावं? वर्षाच्या आत पुन्हा घेतलं तर गोष्ट अजून ताजी असते, डोळे ओळींवरून घसरतात. तीन ते पाच वर्षं बरी. नुकताच त्यावर सिनेमा किंवा नाटक पाहिलं असेल तर आणखी थांबावं, नाहीतर पात्रांना नटांचे चेहरे चिकटतात.

आवृत्तीचंही पाहावं लागतं. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या प्रतीत ‘नाहीं’, ‘आईनें’, ‘घरांत’ असे टिंबांनी भरलेले शब्द दिसतील. पहिली दहा पानं ती टिंबं डोळ्यांत खुपतात, मग वाचण्याचा वेग आपोआप मंदावतो, आणि जुन्या कादंबरीला तो मंद वेग शोभतो. शक्य असेल तर एक प्रकरण दोन्ही प्रतींतून वाचून पाहावं. टिपणं करताना पानाचा आकडा लिहू नये, आवृत्ती बदलली की तो निरुपयोगी होतो. प्रकरण आणि प्रसंग लिहावा. खूण मऊ शिसपेन्सिलीने समासात करावी, ओळीखाली नाही. अधोरेखित ओळ पुढच्या वाचनात आधी दिसते आणि बाकीचं पान झाकून टाकते.

इथला वाचनाचा मोसम म्हणजे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासचे दिवस. शेतीची कामं उरकलेली, लेकी माहेरी आलेल्या, पारा ४४-४५ अंशांवर, दुपारी बारा ते पाच बाहेर पडायची सोय नाही. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात त्यातल्या त्यात गारवा. पण हाच उन्हाळा पुस्तकांचा वैरी. नुसत्या डिंकावर चिकटवलेली बांधणी कोरड्या उष्णतेत ताठ होते आणि पुस्तक सपाट उघडलं की पाठीवर तडकते. सगळ्यात जास्त उघडलं जाणारं प्रकरण आधी सुटतं. पाठीवर दोरा शिवलेली प्रत मिळत असेल तर थोडे पैसे जास्त देऊन तीच घ्यावी. पुस्तक पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवू नये.

सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, दोन-तीन वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा चिकटा शेजारच्या पानाला लागतो. पानाच्या आतल्या कडेला जेमतेम दोन मिलिमीटर फेव्हिकॉलची रेघ काडीने ओढावी, पान बरोबर जागेवर बसवावं, दोन्ही बाजूंना बटर पेपर घालून पुस्तक मिटावं आणि वर वजन ठेवून रात्रभर तसंच राहू द्यावं. रेघ जाड झाली तर शेजारची पानंही चिकटतात. बरीच पानं सुटली असतील तर बांधणीवाल्याकडे द्यावं, पण देताना बजावून सांगावं की कडा कापू नका आणि मुखपृष्ठ आत लावून द्या. नाहीतर समासातल्या खुणा कटरखाली जातात, आणि आतल्या बाजूला ओळींची पहिली अक्षरं शिवणीत गडप होतात.