एका पत्त्यासाठी एकशे अकरा दारं बंद

एका संस्थेच्या मेल सर्व्हरचं काम पाहताना एक तक्रार आली. तालुक्याच्या गावातल्या एका शाळेची पत्रं संस्थेला मिळतच नव्हती. शाळेने चारदा पाठवली, चारही वेळा ती परत गेली. शोधता शोधता मी पायथॉन या संगणकीय भाषेतल्या एका ओळीपाशी येऊन थांबलो. स्पॅम पाठवणाऱ्या एका यंत्राला रोखण्यासाठी कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलं होतं: पाठवणाऱ्या यंत्राचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा आकडी पत्ता, '१९२.०.२.१'ने सुरू होत असेल तर मेल नाकारा. (खरा पत्ता इथे देत नाही, उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्यांपैकी एक वापरतोय.) शाळेच्या सर्व्हरचा पत्ता होता १९२.०.२.१४७.

आता मोजून पाहा. या अक्षरांनी सुरू होणारे पत्ते किती? शेवटी १ असलेला एक, १० ते १९ हे दहा आणि १०० ते १९९ हे शंभर. एकूण १११. अडवायचं होतं एकाला, बाकीचे ११० फुकट भरडले गेले.

ही चूक सहज होते, कारण आपल्याला पिनकोडची सवय आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. ४११ दिसलं की पुणे, ४०३ दिसलं की गोवा. तिथे सुरुवातीचे अंक पाहून वाटणी करणं अगदी योग्य आहे, कारण पिन नेहमी सहाच अंकांचा असतो. आयपी पत्त्याच्या चार तुकड्यांत मात्र कधी एक अंक, कधी दोन, कधी तीन. मुळात ते ठिपके आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी आहेत. यंत्राच्या लेखी हा पत्ता म्हणजे ३२ बिटांची, म्हणजे ३२ शून्य-एकांची, एकच सलग संख्या. पहिल्या तुकड्याला १,६७,७७,२१६ने गुणा, दुसऱ्याला ६५,५३६ने, तिसऱ्याला २५६ने, चौथा तसाच ठेवा आणि बेरीज करा. १९२.०.२.१ची संख्या येते ३,२२,१२,२५,९८५.

संख्या हातात आली की नियम लिहिणं सोपं होतं. '१९२.०.२.०/२४' यातल्या २४चा अर्थ असा की डावीकडचे २४ बिट जुळले पाहिजेत, उरलेले आठ काहीही असोत. संगणक त्यासाठी २४ एक आणि आठ शून्यांची एक पट्टी पत्त्यावर ठेवतो. एकाखालचा बिट टिकतो, शून्याखालचा पुसला जातो. जे उरलं ते १९२.०.२.० असेल, तर पत्ता त्या वस्तीतला. अशा वस्तीत २५६ घरं असतात. एकच घर अडवायचं असेल तर लिहायचं '/३२'. पायथॉन ३.३पासून 'आयपीॲड्रेस' नावाचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, सोबतच येतं आणि ही सगळी तपासणी एका ओळीत करून देतं. ते हाताशी असताना अक्षरं जुळवत बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

पण गाळणीसाठी आयपी पत्ताच का? कारण ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतं. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे सर्व्हरांमधल्या मेलच्या देवघेवीचे, नियम लिहिले, तेव्हा नाव पडताळण्याची सोय त्यात नव्हती. पोस्टकार्डावर नाव खोटं असलं तरी टपाल कार्यालयाचा शिक्का बरंच काही सांगून जातो, तसा हा पत्ता. मेल देण्याआधी दोन यंत्रांना टीसीपीची, म्हणजे एकमेकांना उत्तर देऊन जुळणारी, जोडणी करावी लागते. पत्ता खोटा सांगितला तर उत्तर भलतीकडेच जातं आणि बोलणं सुरूच होत नाही.

हा शिक्का मेलच्या शीर्षभागात 'रिसीव्ड' नावाच्या ओळीत सापडतो. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ सगळ्यांत वर चढवतो. कोड लिहिणारे बरेचदा तळाची ओळ उचलतात, मूळ पाठवणारा तिथे असेल म्हणून. पण खालच्या ओळी पाठवणारा स्वतःही रचू शकतो. विश्वास ठेवायचा तो आपल्याच सर्व्हरने लिहिलेल्या ओळीवर.

जगभरातले वाईट पत्ते एकट्याने कोण गोळा करणार? १९९७मध्ये पॉल विक्सी यांच्या 'मॅप्स' या स्पॅमविरोधी संस्थेने अशी काळी यादी सुरू केली. पुढे ती डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या नावाचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेतून, विचारता येऊ लागली, आणि विचारण्याची रीत मला फार आवडते. पत्ता उलटा करायचा, १९२.०.२.१चं १.२.०.१९२, आणि पुढे यादीचं नाव जोडायचं. उलटा अशासाठी, की डीएनएसचं नाव आपल्या पत्रावरच्या पत्त्यासारखं लहानाकडून मोठ्याकडे जातं, घर, गल्ली, गाव, जिल्हा. आयपीत मात्र मोठा भाग आधी. उत्तर १२७.०.०.२ किंवा त्याच्या आसपासचं आलं तर पत्ता यादीत आहे. काहीच सापडलं नाही तर तो नाही.

मात्र यादीही बिघडते. ऑगस्ट २००३मध्ये 'ओसिरुसॉफ्ट'ची यादी बंद होताना प्रत्येक पत्त्याला 'होय' म्हणू लागली, आणि तिच्यावर विसंबलेल्या सर्व्हरांनी सगळ्या जगाची पत्रं नाकारली. म्हणून कोडने अधूनमधून यादीचीच परीक्षा घ्यावी. १२७.०.०.१ कधीही यादीत नसावा, १२७.०.०.२ नेहमी असावा, असा संकेत ठरलेला आहे. दोहोंपैकी एक चुकलं की त्या यादीला विचारणं थांबवायचं.

आयपीव्ही६ या आयपीच्या नव्या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा. तिथे एकेक पत्ता अडवून उपयोग नसतो, साधारण '/६४' एवढी वस्ती एकच ग्राहक धरतात.

पत्ते हातही बदलतात. आज स्पॅमवाल्याकडे असलेलं यंत्र भाडं संपलं की दुसऱ्याला मिळतं. म्हणून शंका असेल तर पाठवणाऱ्या सर्व्हरला ४५१ हा उत्तराचा आकडा सांगून 'नंतर या' म्हणावं, खात्री असेल तर ५५० सांगून नाकारावं, पण मेल गुपचूप गिळून टाकू नये. शाळेला निदान पत्र परत आल्याचं कळलं, म्हणूनच तक्रार आमच्यापर्यंत पोहोचली.

त्या संस्थेतल्या नियमात आता '/३२' आहे, शेजारी तो का घातला याचं कारण आहे आणि तो आपोआप संपण्याची तारीख आहे. शाळेचं पाचवं पत्र त्याच दुपारी आलं.