शॉवरसाठी पाइपचा व्यास

न्हाणीघर नव्याने करताना गच्चीवरच्या टाकीपासून शॉवरपर्यंत किती इंची पाइप टाकायचा, हा दिसायला किरकोळ पण फरशी बसल्यावर बदलता न येणारा निर्णय. सोलापुरात महापालिकेच्या नळाला दाब किती, याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. उजनी धरण, भीमेवरचा औज बंधारा आणि हिप्परगा तलाव यांवर शहराची तहान भागते, पण नळाला पाणी काही दिवसांआड सुटते. ते हौदात भरून मोटारीने गच्चीवर चढवायचे, ही घरोघरची रीत. त्यामुळे टाकीतले पाणी आणि शॉवरचे तोंड यांच्यातले उभे अंतर हाच शॉवरचा दाब.

१० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर (दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब) मिळते. स्लॅब १० फुटांवर, शॉवर ७ फुटांवर आणि टाकी ४ फुटांच्या ओट्यावर असेल, तर वरच्या मजल्याच्या शॉवरला टाकीच्या तळापासून ७ फूट, म्हणजे जेमतेम ०.२ किलो मिळते. अशा दुमजली घरात तळमजल्याच्या शॉवरला ०.५ किलोच्या आसपास. एवढ्या तुटपुंज्या भांडवलातून पाइपने किती खायचे, हे त्याचा व्यास ठरवतो.

‘बारीक पाइप टाका, प्रेशर वाढेल’ असे सांगणारे अजून भेटतात. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, त्यावरून हा समज झाला असावा. पण तोंड अरुंद करणे वेगळे आणि अख्खी लाइन अरुंद करणे वेगळे. मिनिटाला ९ लिटर पाणी हवे असेल, तर अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारे प्लास्टिक) पाइपच्या १० मीटर लांबीत सुमारे १.६ मीटर उंचीइतका दाब घर्षणात जातो. पाऊण इंचीत तोच तोटा २५ सेंटिमीटरच्या आसपास, तर एक इंचीत ७–८ सेंटिमीटर. वरच्या मजल्यावर एकूण उंचीच २ मीटर असताना यातला पहिला आकडा परवडत नाही. शिवाय प्रत्येक एल्बो (वळणाचा जोड) अर्ध्या इंचीत जवळपास अर्धा मीटर जादा पाइपइतका अडथळा करतो.

दुकानात मागताना आणखी एक फसगत होते. जुन्या लोखंडी अर्धा इंची पाइपचे आतले भोक सुमारे १६ मिलिमीटर असे. सीपीव्हीसीच्या अर्धा इंचीत, भिंतीच्या जाडीनुसार, ते १२–१३ मिलिमीटरच भरते. गंजलेला, बोअरच्या जड पाण्याने क्षार धरलेला लोखंडी पाइप काढून ‘त्याच मापाचा’ नवा टाकला आणि अपेक्षेइतका फरक पडला नाही, तर कारण बहुधा हेच.

म्हणून टाकीतून उतरणारी मुख्य लाइन एक किंवा सव्वा इंची, न्हाणीघरापर्यंतची फांदी पाऊण इंची आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या जोडाला, हा क्रम साध्या घराला पुरतो. मुख्य लाइनवर पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह लावावा. अरुंद भोकाचा व्हॉल्व्ह मोठ्या पाइपचा सगळा फायदा घालवतो.

गरम पाण्याच्या लाइनला मात्र हात आखडता घ्यावा. सोलर वॉटर हीटरपासून शॉवर १० मीटरवर असेल, तर पाऊण इंची पाइपमध्ये अडीच लिटरहून अधिक पाणी थंड होऊन पडून राहते; एक इंचीत चार लिटरांहून जास्त. गरम पाणी येईपर्यंत रोज सकाळी ते मोरीत जाणार, आणि काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात हे खटकते. इथे जाड पाइपपेक्षा लांबी कमी करणे शहाणपणाचे, आणि लाइन लांबलीच तर खाली बादली ठेवायची. पाइप सीपीव्हीसीचाच घ्यावा. गरम पाण्याला साधा पीव्हीसी चालत नाही.

छताला लावायचा मोठा रेन शॉवर वरच्या मजल्यावर नुसत्या टाकीच्या दाबावर नीट चालत नाही. त्याला टाकीनंतर प्रेशर पंप हवा. पंपाकडे येणारा पाइपही पाऊण-एक इंचीहून बारीक नसावा, नाहीतर पंप आवाज जास्त आणि पाणी कमी देतो. पंप थेट नळजोडणीवर बसवणे नियमात बसत नाही.

भिंतीत झिरी पाडून पाइप बसवल्यावर तोंडे प्लग लावून बंद करतात आणि हातपंपाने पाण्याचा दाब देऊन दाबमापकाचा काटा उतरतो का, म्हणजे कुठे गळती आहे का, ते पाहतात. हे फरशीवाला यायच्या आधी करायचे काम आहे.