पुष्क म्हणा की भ्रूणपोष, घोळ जुनाच

बीमध्ये गर्भासाठी जो अन्नसाठा असतो, त्याला पुष्क किंवा भ्रूणपोष म्हणतात; तो कुणाचा, हा घोळ जुना आहे. वनस्पतींमध्येही नर-मादी असतात, हे १६९४ मध्ये प्रयोगाने दाखवून झालं होतं. परागकणातून निघणारी परागनलिका बीजांडापर्यंत, म्हणजे ज्याचं पुढे बी होतं त्या भागापर्यंत, पोचते, हे १८३० च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. गर्भ नलिकेच्या टोकातूनच तयार होतो, मादीचा भाग नुसती जागा पुरवतो, असं एका वजनदार गटाने १८३७ पासून ठासून सांगितलं. ते मोडीत काढण्यात बरीच वर्षं गेली. नर केंद्रक आणि अंडपेशीचं केंद्रक यांचं मीलन १८८४ मध्ये दिसलं आणि विषय संपला असं वाटलं.

तो संपला नव्हता. १८९८ मध्ये कीव्हमध्ये लिलीच्या बीजांडांचे काप तपासताना दिसलं, की एक नरयुग्मक (नर जननपेशी) अंडपेशीशी मिळाला, तरी परागनलिकेतून आलेला दुसराही वाया जात नाही. तो बीजांडातल्या मधल्या पेशीच्या केंद्रकांशी (ध्रुवीय केंद्रकांशी) एकरूप होतो आणि त्यातून भ्रूणपोष बनतो. तोवर हा साठा पाइनच्या बीतल्यासारखाच, निव्वळ आईचा, समजला जायचा. आता त्यालाही बाप निघाला!

मग या दुसऱ्या मीलनाला फलन म्हणायचं का? अंडपेशीचं तेवढं खरं फलन, दुसरं म्हणजे वाढीला मिळालेला नुसता धक्का, अशी विभागणी १९०० च्या आसपास पुढे आली. मला ती कधीच पटली नाही, आणि त्याचं कारण मक्याच्या दाण्यात आहे. दाणा उभा चिरला तर एका बाजूला छोटासा गर्भ दिसतो, बाकी जवळपास सगळा भ्रूणपोष. वरची पातळ साल आईची. पांढऱ्या दाण्यांच्या मक्यावर पिवळ्याचे पराग पडले, की त्याच कणसात, त्याच हंगामात फिकट पिवळे दाणे भरतात. साल रंगहीनच राहते, पिवळेपणा असतो तो आतल्या भ्रूणपोषात. या प्रकाराला १८८१ मध्येच नाव मिळालं होतं, उलगडा झाला १८९९ मध्ये. नुसत्या धक्क्याने बापाचा रंग उतरत नाही.

मराठीत गोंधळ आणखी वाढला. जुन्या लिखाणात ‘पुष्क’ होता, पाठ्यपुस्तकांतून ‘भ्रूणपोष’ रुळला. दोन्ही शब्द पाइनच्या साठ्यालाही लावले जातात. तो फलनाआधीच तयार असतो, त्यात गुणसूत्रांचा एकच संच, तोही आईचा. काम एक, कूळ वेगळं. शब्द कामावरून पाडला, म्हणून कूळ झाकलं गेलं.

भ्रूणपोषात आईचा आणि बापाचा वाटा सारखा वागतोच असं नाही. १९७० मध्ये मक्यातच दिसलं, की रंगाचं एक जनुक आईकडून आलं तर दाणा सलग गडद होतो, बापाकडून आलं तर ठिपक्याठिपक्यांचा. १९९० मध्ये एफेड्रा या बिनफुलाच्या झुडपातही दुहेरी मीलन सापडलं, पण तिथे दुसऱ्या मीलनातून पोषक साठा न बनता आणखी एक गर्भच तयार होऊ लागतो. म्हणजे भ्रूणपोष हा मुळात गर्भाचा भाऊच असावा, या जुन्या तर्काला बळ मिळालं.

भ्रूणपोष त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेला) असतो, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. बऱ्याच फुलझाडांत ते खरंही आहे. पण जलकमळांच्या कुळात तो द्विगुणित असल्याचं २००२ मध्ये दाखवलं गेलं. आणि हे सगळं ज्या लिलीत पहिल्यांदा दिसलं, तिच्या भ्रूणपोषात पाच संच असतात : चार आईचे, एक बापाचा.