शंखशिंपले वेचणे (धारावी बेट व ठाणे खाडी)

शंखशिंपले वेचणे म्हणजे ओहोटीला उघड्या पडलेल्या किनाऱ्यावरून शंख, शिंपले, कवड्या आणि समुद्राने बाहेर टाकलेल्या तशाच इतर वस्तू हाताने गोळा करणे. ठाणे व नवी मुंबई परिसरात हा उद्योग दोन कारणांनी चालतो. हौशी माणूस रिकामी कवचे उचलतो आणि त्यासाठी धारावी बेटावरच्या उत्तन-पालीच्या किनाऱ्याला जातो. कोळी-आगरी बाया जिवंत प्राणी काढतात, तेही बहुतेक खाडीच्या चिखलातून, कालवणासाठी आणि विक्रीसाठी. हौशी लोक स्वतःला या छंदातले जाणकार समजत असले, तरी भरती-ओहोटीचे आणि जागांचे खरे ज्ञान आजही या बायांकडेच आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वसईपासून डहाणूपर्यंतचा लांबलचक किनारा त्या जिल्ह्यात गेला. अर्नाळ्याचे बेट, केळवे, शिरगाव, बोर्डी ही ठाणेकरांची सहलीची जुनी ठिकाणे कागदोपत्री परजिल्ह्यातली झाली. ठाणे जिल्ह्याकडे खुल्या समुद्राचा जो तुकडा उरला, तो मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, धारावी बेटावर आहे. नवी मुंबईला तर खुल्या समुद्राची पुळणच नाही. तिच्या वाट्याला आली ती खाडी, चिखल आणि तिवरांचे जंगल.

या धारावीची मुंबईतल्या धारावीशी गल्लत करू नये. ठाणे आणि मुंबईची उपनगरे ज्या साष्टी बेटावर आहेत, त्याच्या वायव्य टोकाचे हे बेट. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला व पूर्वेला मनोरीची खाडी. मिठागरे, भराव आणि रस्ते यांमुळे आपण बेटावर आलो हे आता भाईंदरहून येणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावे मागे टाकत रस्ता उत्तनला पोचतो. बेटाच्या दक्षिणेकडचे गोराई व मनोरी मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडतात आणि सुट्टीच्या दिवशीची गर्दी बरीचशी तिकडेच वळते. चौक गावाजवळ धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला. उत्तनच्या भाटे बंदरावर वेलंकनी मातेचे देऊळ आहे आणि किनाऱ्यावरची वस्ती मुख्यतः ख्रिस्ती कोळ्यांची आहे. सुकवणीच्या दिवसांत वलांडींवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूंच्या मांडवांवर, बोंबील लटकलेले असतात. त्या वासाची सवय नसलेल्याने नाक मुरडण्यापेक्षा थोडे पुढे चालत जावे.

हा किनारा सरळ वाळूचा नाही. काळे खडक, त्यांच्या मध्ये वाळूचे पट्टे आणि ओहोटीला खडकांच्या खळग्यांत साचून राहिलेले पाणी असे त्याचे रूप आहे. चालायला तो त्रासाचा, पण वेचणाऱ्याच्या पथ्यावर पडणारा. खडकाला चिकटून जगणारे, वाळूत पुरून राहणारे आणि जाळ्यातून आलेले असे तिन्ही प्रकारचे नमुने थोड्याच अंतरात सापडतात. मच्छीमार जाळी झाडतात तिथे मासळीबरोबर वर आलेले शंख टाकून दिलेले असतात. लाटांनी न झिजलेले नमुने मिळण्याची शक्यता तिथे सगळ्यात जास्त.

वेळ. या कामात जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. कोकणपट्टीत भरती काढायचा जुना हिशेब असा : त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून हाच हिशेब दिवसाला आणि रात्रीला दोन्हींकडे लागतो. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, पण घरून निघायची वेळ ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे. नेमकी वेळ हवी असेल तर मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात.

तिथीवरून वेळेइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट कळते : पाणी किती लांब जाणार. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारा पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. अष्टमीची ओहोटी भर दुपारी येते म्हणून लोक सोयीचा दिवस समजून जातात आणि रिकाम्या हाताने परततात. पौर्णिमेची खोल ओहोटी सकाळी सहाच्या आगेमागे असते. ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून निघणाऱ्याला ती गाठणे जड जाते, म्हणून त्यानंतरच्या द्वितीया-तृतीयेची सकाळ उत्तम. ओहोटी सात-आठला येते आणि उधाणही ओसरलेले नसते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचावे आणि पाणी वळले की खडकांवरून मागे फिरावे. टोकाच्या खडकावर उभ्या असलेल्या माणसाच्या मागच्या घळीत पाणी आधी भरते.

ऋतूंचे म्हणाल तर पावसाळा वर्ज्यच. लाटा वाळू ओढून नेतात, खडक शेवाळतात आणि निळ्या फुग्यासारखे दिसणारे, डंख करणारे ब्लूबॉटल किनाऱ्याला लागतात. दिवाळीनंतर किनारा पुन्हा वाळूने भरत जातो. तिथून होळीपर्यंतचे दिवस चांगले.

काय सापडते. एका बाजूला जाड, उभ्या कण्यांचे शिंपले, दुसऱ्या बाजूला ‘तिसऱ्या’ नावाच्या खाण्याच्या शिंपल्यांची गुळगुळीत, नक्षीदार कवचे. लांब निमुळते, स्क्रूसारखे पिळाचे शंख. खडकांवरच्या टोपीसारख्या कवचांच्या गोगलगायी. आणि वाळूच्या पट्ट्यांवर बटणाएवढे चपटे, तुकतुकीत शंख, ज्यांतल्या दोघांची नक्षी क्वचितच सारखी निघते. कालवे खडकाला पक्की बसलेली असतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या, अनवाणी पायाने त्यांवरून जाऊ नये. माकूल (कटलफिश) या समुद्री प्राण्याच्या पाठीतली पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची पट्टी वाळूत सापडते, ती समुद्रफेस. आयुर्वेदात ती औषधी मानतात आणि पोपट पाळणारे ती पिंजऱ्यात अडकवतात.

पुष्कळ शिंपल्यांना बिजागरीजवळ एक गोल, रेखीव भोक असते. दोरा ओवायला कुणी मुद्दाम पाडले असावे असे वाटते आणि मुले त्याच्या माळा करतातही. प्रत्यक्षात ती खुनाची खूण आहे. ‘मून स्नेल’ गटातली शिकारी गोगलगाय वाळूतल्या शिंपल्याला आपल्या मांसल पायाने लपेटते, आम्लयुक्त स्राव सोडून कवच मऊ करते आणि दातेरी जिभेने ते घासत राहते. हे काम तासन्‌तास चालते. भोक पडले की आतला जीव ती खाते. भोकाची कड बाहेरून रुंद आणि आत निमुळती असेल तर शिकारी बहुधा या गटातला. भोक सरळ नळीसारखे असेल तर काटेरी ‘म्युरेक्स’ गटातला. कडेला भोक अर्धवट राहिलेला शिंपला मिळाला तर तो जपून ठेवावा, कारण तो जीव त्या वेळी वाचलेला असतो. शिंपल्याच्या पाठीवरच्या समकेंद्री रेषा वाढीच्या असतात आणि जिथे त्या दाटीने येतात तिथे वाढ मंदावलेली असते.

शोभेच्या दुकानांत मिळणारे मोठे गुलाबी शंख, बोटे फुटल्यासारखे दिसणारे शंख, चकचकीत मोठ्या कवड्या यांतले इथे काही सापडत नाही. पूजेचा शंख मन्नारच्या आखाताकडचा. गोंधळ्यांच्या आणि आराध्यांच्या माळांतल्या, सारीपाटावरच्या कवड्याही बहुतांशी बाहेरूनच येत आल्या. जगात या छंदाची पंढरी मानले जाते ते फ्लोरिडातले सॅनिबेल बेट. आजूबाजूची बेटे उत्तर-दक्षिण असताना ते पूर्व-पश्चिम आडवे पडले आहे आणि उथळ समुद्रतळावरून लोटत आलेली कवचे त्याच्या कुशीत अडकतात. तिथे १९९५ पासून जिवंत शंख उचलायला बंदी आहे. त्या बेटाची छायाचित्रे पाहून उत्तनला गेलेल्याचा विरस ठरलेला. इथले नमुने लहान, बरेचसे करडे आणि तपकिरी असतात, वाकून पाहिल्याशिवाय त्यांतले काही दिसत नाही.

खाडीतली वेचणी. ठाण्याची खाडी दक्षिणेला मुंबई बंदरात उघडते आणि उत्तरेला एका अरुंद फाट्याने उल्हास नदीच्या मुखाला मिळते. तिच्या चिखलात तिसऱ्या, खुबे, शिंपल्या आणि कालवे काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायांकडे राहिले आहे. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरायचे, हातापायाने चाचपत किंवा विळ्याने उकरत माल काढायचा आणि पाणी वळायच्या आत बाहेर पडायचे. बाजारात हा माल वजनावर नाही, वाट्यावर विकला जातो. घरी आणल्यावर तिसऱ्या पाण्यात ठेवून वाळू सोडू देतात, मग विळीवर उघडून एका बाजूचा शिंपला तसाच ठेवून सुके किंवा कालवण करतात. विळीवर हात न बसलेल्या शहरी घरांत त्या काही वेळ फ्रीजरमध्ये ठेवून उघडण्याची युक्ती रूढ आहे. उघड्या तोंडाची, टकटक केल्यावरही न मिटणारी तिसरी आधीच मेलेली असते, ती टाकून द्यावी.

हे काम आता आटत चालले आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, दोन्ही काठांचे सांडपाणी आणि भराव यांनी खाडीचा नूर पालटला. शिंपल्यातला प्राणी पाणी गाळून पोट भरतो, त्यामुळे पाण्यातले जड धातू आणि जंतू त्याच्या अंगात साठतात. म्हणूनच खाडीतल्या मालाविषयी गिऱ्हाइके विचारपूस करतात आणि विकणाऱ्या बाईला आपला माल बाहेरचा आहे असे सांगावे लागते. ज्यांनी खाडी घाण केली नाही त्यांच्याच पोटावर हा पाय आला आहे.

तिवरांच्या मुळांशी दिसणारे काळपट, बोटभर लांब, शंकूच्या आकाराचे शंख हेही खाडीचेच रहिवासी. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. अभयारण्याच्या हद्दीतून रिकामा शंखही उचलून आणू नये. न वेचता नुसते पाहायचे असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जावे.

कायदा. किनाऱ्यावर पडलेला साधा शिंपला उचलायला मनाई नाही. मात्र २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत मृदुकाय प्राण्यांच्या २४ जाती घालण्यात आल्या. मोठा तुतारीशंख, शिरस्त्राणासारखे जाड शंख, राक्षसी शिंपल्यांच्या जाती, नॉटिलस यांचा त्यांत समावेश आहे. त्यांचे कवचही विनापरवाना बाळगणे किंवा विकणे गुन्हा ठरतो. यादीतल्या बहुतेक जाती इथे आढळत नसल्या, तरी एका नावाकडे लक्ष द्यावे : ‘विंडोपेन ऑयस्टर’, म्हणजे पातळ, चपटा, अर्धपारदर्शक, अभ्रकासारखा दिसणारा शिंपला. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी हाच बसवलेला दिसतो. तो दिसला तर जागच्या जागी राहू द्यावा.

कायद्यात न बसणारी बाबही आहे. रिकामा शंख खरेच रिकामा असतो असे नाही. शंखखेकड्याला स्वतःचे कवच पोटापर्यंत पुरत नाही, तो दुसऱ्याच्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. हातात घेतलेला शंख मिनिटभर तळव्यावर तसाच ठेवावा. आत कुणी असेल तर पाय बाहेर येतात. स्पेनच्या कातालोनियातल्या एका किनाऱ्यावर सुमारे ३० वर्षांच्या अंतराने मोजणी झाली, तेव्हा पर्यटक जवळपास तिप्पट झाले होते आणि शिंपले निम्म्याहून कमी उरले होते. उत्तनची गर्दी तेवढी नाही. तरी पिशव्या भरभरून शिंपले नेणारी सहलीची मंडळी पाहिली की दोनचार नमुने घेऊन थांबण्याचा कोळणींचा सल्ला बरा वाटतो.

जपणूक. आणलेले नमुने गोड्या पाण्यात काही दिवस भिजवावे, पाणी रोज बदलावे आणि सावलीत वाळवावे. मीठ आत राहिले तर पावसाळ्याच्या दमट हवेत कवचावर पांढरी बुरशीसारखी साय येते. चकाकी आणायला लिंबू किंवा व्हिनेगर वापरू नये. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते, आम्लाने ते फसफसून विरघळते. लाकडी कपाटातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफाही कालांतराने कवच खातात, म्हणून प्लास्टिकचा डबा बरा. प्रत्येक नमुन्याबरोबर ठिकाण, तारीख आणि तो वाळूत सापडला की खडकात, हे लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठी नसलेला शंख अभ्यासकाच्या काही उपयोगाचा नसतो, मग तो कितीही देखणा असो.